राजहंसांना सरकी चालत नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणतंही जनावर खंगलेलं दिसलं की उपाय एकच. सरकी. बैल थकला, सरकी चारा. म्हैस व्यायली, सरकी चारा. शेळीच्या पाठीचं हाड वर आलं, तिलाही मूठभर द्या. कापसाची रुई जाते व्यापाऱ्याकडे आणि आतलं बी, म्हणजे सरकी, तेल काढून ढेपेच्या रूपानं परत आमच्याच गोठ्यात येते. ज्या घरात पहाटे घमेल्यात ढेप भिजत नाही, त्या घरात जनावर आहे असं कोणी धरतच नाही. मी सासर सोडून नेरजवळच्या माझ्या माहेरी परत आले, तेव्हा शेजारची म्हातारी मला वरून खालून न्याहाळून म्हणाली होती, "काय वो बाई, किती वाळली तू! तुले तं सरकीच चारा लागते." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं वाटलं होतं.

आता या विषयावर मला कोणी शिकवू नये. माझ्याकडे राजहंस आहेत, पाळीव, पांढरेशुभ्र, लांब मानेचे. गावातले लोक अजूनही त्यांना बदकं म्हणतात आणि अजूनही फाटकाशी थांबून सल्ला देतात. मी ऐकून घेत नाही. ते काय खाऊन वाढतात आणि काय खाऊन मरतात, ते मला त्यांच्यातलं एक गमावून कळलं आहे.

माझं सासर पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून. नवरा ट्रकवर. महिन्यातले बरेच दिवस तो बाहेरच असे, आणि घरी असला तरी आईच्या शब्दाबाहेर नसे. मारहाण नव्हती. दारू नव्हती. हीच तर माझी पंचाईत होती. काय त्रास आहे असं कोणी विचारलं तर दाखवायला अंगावर एकही वळ नव्हता. त्रास होता जेवणाचा. सासू भाकरी मोजून टोपल्यात ठेवायची आणि टोपलं स्वतःच्या खाटेखाली सरकवायची. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते माझं, आणि उरायचं फार थोडं. भाजी म्हणजे भांड्याला चिकटलेली. घरात दाणा नव्हता अशातला भाग नाही, पोत्यावर पोती रचलेली होती. पण सुनेनं पोटभर खाल्लं की ती माजते, असं तिचं पक्कं मत होतं. पहिली काही वर्षं मला वाटलं, सगळीकडे असंच असेल. मग राग यायला लागला. रोज अर्ध्या पोटी झोपणाऱ्या माणसाचा राग फार काळ आत दबून राहत नाही.

घराजवळ एक ढाबा होता. ढाब्याच्या मालकिणीनं हौसेनं राजहंसांची जोडी पाळली होती. मी गवत कापायला जायची तेव्हा त्यांच्यासाठी एक पेंढी तिच्याकडे टाकायची, आणि ती माझ्या हातावर गरम पोळी ठेवायची. पोळी खाता खाता मी तिच्या राजहंसांकडे बघत राहायची. काय खुशाल खायचे ते! कोणाला न विचारता, मान लांब करून, गवत मुळापासून ओरबाडून. मालकीण म्हणायची, हे पक्षी कसले, चोच असलेल्या शेळ्या आहेत. मादीनं अंडी घातली तेव्हा तिनं त्यातली काही मला दिली आणि तिच्याच खुडूक कोंबडीखाली ठेवू दिली. सहा पिल्लं निघाली. हिरवट पिवळी, ओल्या पिसांची, आणि माझी. त्या अख्ख्या गावात माझी म्हणावी अशी ती पहिली वस्तू.

मी पिल्लं घरी आणली. सासूनं मला ज्वारीची कणी मूठभर उचलताना पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत धान्याच्या खोलीला कुलूप लागलं. माझ्या भाकरी मोजल्या ते मी सोसलं होतं. त्या पिल्लांसाठी कुलूप लागलेलं मात्र मला सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका खोक्यात पेंढा घातला, वर पिल्लं ठेवली, खोक्याला भोकं पाडली आणि एसटीत बसले. लुगडी, भांडी, सगळं तिथंच राहिलं. यवतमाळच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "बाई, कोंबड्याचं तिकीट लागते." मी म्हटलं, "कोंबड्या नाईत, राजहंस हायेत." तो म्हणाला, "मंग त्याईले खिडकीची शीट द्या." अख्खी गाडी हसली आणि तिकीट काही कोणी फाडलं नाही. नेरपर्यंत मी खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी बाबा गोठ्यात होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाबा, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांचं लहान लेकरू. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "हे जगत नाईत." एवढंच. कशी आलीस, का आलीस, काही नाही. बाबांचं सगळं आयुष्य बैलांसोबत गेलं. बैलांशी ते तासन्‌तास बोलत. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांना शब्द सापडत नसत.

भावाला मात्र सापडले. "लोकाच्या पोरी सासरहून लुगडे घेऊन येतेत," तो म्हणाला, "हिनं बदकं आनली."

"बदकं नाईत. राजहंस हायेत."

"नाव कायबी ठेव. त्याईले चारशीन काय? आधी तुह्यं तं होऊ दे."

हे शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं. खाण्यावरून बोलणी ऐकायची असती तर मी तिथंच राहिले असते. मी म्हटलं, माझ्या पोटाचं मी बघीन आणि यांच्याही पोटाचं मीच बघीन. भाऊही तापला. सासरच्यांचा फोन येऊन गेला होता, सोयाबीन निघाल्यावर समाजाची चार माणसं घेऊन ते येणार होते, बसून मला परत न्यायचं ठरवणार होते. भाऊ म्हणाला, "ठीक हाये. तोवर हे जगवून दाखव. अन् नुसते जगवून नाई, चांगले वजनदार झाले पाह्यजेत. झाले तं समाजासमोर मी एक शब्द बोलत नाई. नाई झाले तं मुकाट्यानं आपल्या घरी जायाचं."

"चालते," मी म्हणाले. वहिनीनं कपाळाला हात लावला. बाबा बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. रागाच्या भरात मी माझं राहणं किंवा जाणं त्या सहा पिल्लांच्या वजनाला बांधून टाकलं होतं, आणि बोललेला शब्द मागे घेण्याची मला सवय नाही.

गोठ्यामागच्या परसात जुन्या पत्र्यांची खोपी केली. रात्री पिल्लांना ऊब मिळावी म्हणून एक बल्ब लावला. विजेवरून भाऊ बोलला, मी ऐकलं नाही. सुरुवातीला त्यांना भरड लागते, गव्हाची आणि ज्वारीची, आणि त्यात शेंगदाण्याची ढेप बारीक करून. ढेप कोरडी, करकरीत हवी, बुरशीचा जरा वास आला तरी फेकून द्यायची. उकडलेलं अंडं कुस्करून, हरळीची कोवळी पाती कात्रीनं कातरून. राजहंसांचे पाय फार लवकर लुळे पडतात, कोंबडीच्या पिल्लापेक्षा त्यांच्या पायांना जास्त काही लागतं, म्हणून भरडीत गव्हाचा कोंडा भरपूर. शेजारी थोडी बारीक वाळू, कारण दात नसलेल्यानं गवत दळायचं तर पोटात खडे हवेत. आणि पाणी. पाण्याची ताटली उथळ चालत नाही. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडाली पाहिजे, नाहीतर घास नाकात अडकतो, डोळे चिकटतात. वहिनी म्हणायची, "इतके नखरे तं माह्या लेकरानंबी नाई केले." पण संध्याकाळी तिच्या हातातली कोथिंबिरीची देठं बरोबर परसात पडायची.

दोन गल्ल्या सोडून एकजण ब्रॉयलरच्या शेडवर कामाला होता. तो रोज सांगायचा, "कंपनीचं खाद्य दे न, महिन्यात फुगतीन." फुगतात, खरंच फुगतात. ढाब्याच्या मालकिणीच्या आधीच्या एका पिल्लाला कोणीतरी असंच फुगवलं होतं. हाडं तयार व्हायच्या आत वजन आलं आणि त्याचा पंख बाहेरच्या बाजूला वळून तसाच राहिला, जन्मभर. मी त्या शेडवाल्याला म्हटलं, मला फुगा नको, राजहंस पाहिजे. तो म्हणाला, "मंग ठेव उपाशी." त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पिसं फुटायला लागली तशी मी त्यांना बाहेर काढायला लागले. राजहंसाचं खरं खाणं गवत. धान्य नुसतं तोंडी लावायला. सकाळी मी पुढे आणि ती सहा जणं मागे, अशी आमची वरात नाल्याकडे निघायची आणि गाव ओट्यावर बसून बघायचं. बांधावरचं गवत मी त्यांना देत नव्हते. हल्ली तण काढायला माणूस नको म्हणून लोक बांधावरसुद्धा तणनाशक मारतात. ज्याच्या बांधाजवळून जायचं त्याला मी आधी हटकून विचारायची, मारलं का, केव्हा मारलं. लोक वैतागायचे. वैतागू देत. नाल्याच्या काठचं आखूड, कोवळं गवत ते तासाभरात असं सपाट करायचे की वर बसून घ्यावं. परत येताना छातीवरची पोटळी, जिथं खाल्लेलं आधी साठतं ती, टम्म फुगलेली असायची. त्या फुगलेल्या पोटळ्या पाहिल्या की मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. कोणीतरी माझ्या हातानं पोटभर जेवलं होतं.

भाऊ जवळ आला की सगळ्यात मोठा नर मान जमिनीलगत ताणून फूत्कारायचा. मी त्याला तसं शिकवलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

श्रावण संपत आला आणि काहीतरी बिघडलं. आधी मला वाटलं माझाच भ्रम असेल. पिल्लं खात होती, पण भरत नव्हती. उचलली की छातीचं हाड बोटांना तसंच लागायचं. नाल्यापर्यंत जाताना दोघं मध्येच बसायची, चोच उघडी टाकून धापा टाकायची. पिसं निस्तेज. मी शेंगदाण्याची ढेप बदलली, पाणी बदललं, खोपी चुन्यानं धुऊन काढली. एका सकाळी त्यातलं एक पिल्लू खोपीच्या दाराशी पालथं पडलेलं सापडलं. आदल्या संध्याकाळी ते माझ्या हातून खाऊन गेलं होतं.

मी त्याला परसातच पुरलं. भाऊ मागे उभा होता. हसला वगैरे नाही, तेवढा तो वाईट नाही. नुसतं म्हणाला, "अजून टाइम हाये. आत्ताच गेली तं पाहुण्याईले यायची गरज नाई पडत." मी फावडं खाली टाकलं आणि म्हणाले, "पाच हायेत अजून." त्याच्यासमोर मी रडले नाही. नंतर नाल्यावर मात्र खूप रडले, मोठ्यानं, आणि उरलेली पाच जणं माझ्याभोवती मुकाट चरत राहिली.

मग मी नेरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले, एक पिल्लू पिशवीत घालून. डॉक्टरांनी तपासलं, काय काय खातं ते विचारलं. मी एका दमात सगळं सांगितलं. ते म्हणाले, चांगलं आहे की सगळं. मग पिल्लाची छाती चाचपत म्हणाले, "सरकी तर नाही ना देत?"

"नाई. हातबी नाई लावला सरकीले."

"नका देऊ. गाई-म्हशीचं पोट वेगळं असतं, त्यांच्या पोटात सरकीतलं विष मुरून जातं. पक्ष्यांना ते सोसत नाही. वाढ खुंटते, हृदयावर येतं, एखाद दिवशी पटकन जातात."

मी शपथेवर सांगितलं की आमच्याकडे हे शक्यच नाही. घरी आले आणि पिल्लांची परात धुवायला घेतली. धुता धुता बोट परातीच्या काठाखाली गेलं. तिथं तपकिरी चिकट रेंदा साठला होता आणि त्यात बारीक पांढरे तंतू होते. कापसाचे. सरकी कितीही घासली तरी तिला थोडी रुई चिकटून राहते, ती आमच्याकडे लहान पोरही ओळखतं. वास मला आधी आला नव्हता, कारण परसाला लागून गोठा आणि त्या सगळ्या जागेला कायमचा तोच वास.

माझ्या डोक्यात आग पेटली. मी सरळ वहिनीकडे गेले. ती म्हणाली, "माह्याजवळ माह्या लेकराले भरवाले टाइम नाई, तुह्या बदकाईले कुठून चारू?" हे मात्र खरं होतं. मग भाऊ? भाऊ त्या नराला इतका भीत होता की खोपीजवळ जाणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, बघायचंच.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या वेळी मी उठून गोठ्याच्या भिंतीशी उभी राहिले. बाबा बैलांना आंबोण घालून आले. घमेल्यात उरलेली भिजलेली ढेप त्यांनी हातानं पिळली, गोळा केली आणि परातीत कुस्करली. मग तिथंच उकिडवे बसले. तो नर त्यांच्यावर फूत्कारत नव्हता. त्यांच्या हातातून खात होता. आणि बाबा बोलत होते. माणसांशी कधी न बोलणारे माझे बाबा त्या पक्ष्यांना सांगत होते, "खा, खा. लवकर भरा. माह्यी पोरगी इथं राह्यली पाह्यजे."

मला ते स्वच्छ ऐकू आलं. आणि तरीही मी ओरडले. लोकांना हे पटत नाही, वहिनीलाही पटलं नाही, पण मी ओरडले आणि आज असतं तरी ओरडले असते.

"बाबा! काय करून राह्यले तुमी?"

ते दचकून उठले. "अवो, मूठभरच देतो. ताकद येते."

"मेलं न एक त्याच्यानं!"

त्यांना कळलंच नाही. हातात ढेप तशीच. "सरकीनं? सरकीनं कोण मरते? आपल्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या..."

"हे बैल नाईत, बाबा. याईले नाई चालत सरकी. डॉक्टरनं सांगतलं."

"मले काय मालूम?"

"तं मले इचारायचं! मी होती न घरात. याईले काय लागते ते एकदा मले इचारायचं. मले कुठं द्यायचं तेबी मलेच इचारायचं होतं. इचारलं कधी? चांगलं हाये म्हनून टाकलं समोर, खा म्हनून. ते घरबी तसंच अन् हे सरकीबी तशीच."

गोठ्यातले बैल मान वर करून बघायला लागले. बाबांनी परात उचलली, हापशीवर नेली, राखेनं घासली, पुन्हा घासली. मग शेतात निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. वहिनी मला म्हणाली, "बुढ्याच्या जिवाले किती लागलं अशीन. गोडीनं नसतं का सांगता आलं?" मला वाईट वाटलं होतंच. बाबांना उपाशी बघणं मला सोपं नव्हतं. पण मी शब्द मागे घ्यायला गेले नाही. लहानपणापासून मी सगळं गोडीनं सांगत आले होते आणि ते गोडीनं कोणाच्या कानात शिरलं नव्हतं.

संध्याकाळी मी भाकरी घेऊन शेतात गेले. आम्ही दोघं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून जेवलो.

पुढच्या सकाळी मी राजहंस बाहेर काढत होते, तर बाबा विळा घेऊन खोपीपाशी उभे. खाली बघत म्हणाले, "कोनतं गवत कापू?"

मी त्यांना हरळी दाखवली. आखूड कापा म्हटलं, लांब पाती पोटळीत गुंततात. त्यांनी आखूड कापली. दोन दिवसांनी विचारलं, "गहू भिजवून देऊ का कोरडा?" मग विचारलं, मका चालतो का. मी म्हटलं, आत्ता नको, शेवटी चालेल, फोडून, संध्याकाळी थोडा. बाबा प्रत्येक गोष्ट विचारायला लागले. भाऊ चेष्टा करायचा की बुढा आता बदकांच्या शाळेत जातो. बाबा हसायचे आणि विळ्याला धार लावायचे.

सरकी बंद झाली आणि पिल्लं सावरली. लगेच नाही, हळूहळू. आधी धापा थांबल्या. मग नाल्यापर्यंतची चाल सरळ झाली. भादवा संपता संपता पिसांवर चकाकी आली, आणि एके दिवशी पाचही जणं पंख पसरून परसभर धावली, उडायचं सोंग करत, इतका आरडाओरडा करत की शेजारची म्हातारी काठी घेऊन बाहेर आली. शेवटी शेवटी दिवसभर गवत आणि संध्याकाळी भिजवलेला गहू, त्यात फोडलेला मका. छातीचं हाड आता बोटाला सापडत नव्हतं. उचलायला दोन्ही हात लागायचे. भावानं एकदा मोठेपणानं त्या नराला उचलायचा प्रयत्न केला. नरानं पंखाचा असा तडाखा दिला की भावाचा चष्मा उडाला. चष्मा शोधता शोधता तो म्हणाला, "जड हाये."

म्हणजे पैज मी जिंकले होते. पण तोवर मला कळून चुकलं होतं की ती पैजच मूर्खपणाची होती. पक्षी भरले म्हणून मी राहणार? आणि पाचही मेले असते तर? तर मुकाट्यानं सासूच्या त्या टोपल्यापाशी जाऊन बसले असते? नसते. एकही राजहंस जगला नसता तरी मी गेले नसते. हे मी भावाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "ते समाजाले सांग." बोलणार नाही हा शब्द मात्र त्यानं पाळला.

सोयाबीन निघालं आणि ते आले. नवरा, सासू, त्यांच्या बाजूची दोन वडीलधारी माणसं आणि आमच्या विहारात पुढं असणारे एक काका. अंगणात सतरंजी टाकली. राजहंस परसातून इतके ओरडत होते की पहिला थोडा वेळ कोणाला कोणाचं ऐकू येईना. सासूनं पदर सावरला आणि सुरुवात केली, आम्ही काय कमी केलं, घरात दाण्याला तोटा नाही, पोरगा निर्व्यसनी. त्यांच्यातला एक म्हातारा माझ्याकडे वळला.

"मारते का तो तुले?"

"नाई."

"दारू पेते?"

"नाई."

"मंग काहून आली?"

"पोटभर जेवाले भेटत नव्हतं."

सतरंजीभर हसू पसरलं. म्हातारा हसला, विहारातले काकासुद्धा हसले. "एवढ्यासाठी?" म्हातारा म्हणाला. "एवढ्यासाठी कोनी घर सोडते का, बाई?" नवरा सतरंजीचा धागा उपसत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. मी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मला वाटलं, माझ्यासाठी आता कोणी तोंड उघडणार नाही, आणि मला त्याची भीती वाटली नाही.

मग म्हातारा बाबांकडे वळला. हातावर हात मारून म्हणाला, "चाला, झालं गेलं सोडा. शेवटी बापाचा शब्द. सांगा बाबा, पोरीले पाठवता का नाई?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा नेहमीसारखे गप्प. मला त्यांचं गप्प राहणं पाठ होतं. लग्न ठरलं तेव्हाही ते असेच याच अंगणात बसले होते आणि शेवटी नुसती मान हलवली होती. म्हातारा पुन्हा म्हणाला, "सांगा न."

"मले काहून इचारता?" बाबा म्हणाले. "थे समोर उभी हाये. तिले इचारा."

म्हाताऱ्याला वाटलं बाबा अंग काढून घेतायत. "पोरगी काय सांगन, तुमी बाप हा तिचे."

"तिले इचारा," बाबा पुन्हा म्हणाले, तेवढ्याच आवाजात.

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. त्याला विचारायची सवय नव्हती, ते दिसतच होतं. "येतं का, बाई?"

दोन घरांत मिळून माझं इतकं आयुष्य गेलं होतं आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. मी मनात मोठं भाषण तयार ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

"नाई येत," मी म्हणाले.

"नीट इचार करून सांग."

"केला."

"अन् कारन?"

"सांगतलं न. तुमी हासले."

सासू काहीतरी बोलायला उठली. तिच्याआधी बाबा उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. "झालं," ते म्हणाले. "तिनं सांगतलं." मग अंगण ओलांडून गेले आणि पाहुण्यांसाठी फाटक उघडून धरलं.